जळाली म्हणून सवाष्ण

बांधावरच्या बायला, आपल्या गावदेवीला, परवा टाइल्स लावल्या. मोरीला लावतात तसल्या, गुलाबी फुलांच्या. वर पंखा, पुढं स्टीलचा कठडा, आणि कठड्यावर पाटी: ‘फक्त सौभाग्यवतींनीच आत यावे.’ वाचून तोंडात आलं ते तिथंच थुंकले. उरलेलं तुला लिहिते.

प्रिय यमू,

तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, मी तुझ्या नावानं कधी एक ओळ खरडली नाही. चौथी शिकलेल्या बाईनं मेलेल्या नणंदेला पत्र लिहायचं म्हणजे थेरंच. पण जिवंतांत सांगू कुणाला? तुझा भाऊ खाटेवर पडून ‘जाऊ दे गं’ म्हणतो. जन्मभर तेच म्हणत आला.

बाय आठवते ना? खाचराच्या बांधावरचा शेंदराचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. पण गावात येणारी नवी नवरी आधी तिच्या पाया पडायची, मगच उंबरा ओलांडायची. चुडा अखंड ठेव म्हणायची. वर्षाची पहिली ओटी आपल्या घरच्या सुनेनं भरायची, तो आपला मान.

तर कॉलेजची पोरं आली, त्यांच्या मॅडमला घेऊन. कर्जतपासून खालापूरपर्यंत गावोगाव हिंडून जुने दगड, खापरं, लेणी शोधतायत. एका गावात लढाईचा दगड सापडला, त्यावर बाया कपडे आपटत होत्या. उन्हात बसून मापं घ्यायची, फोटो काढायचे, लिहून ठेवायचं. मॅडमनं विचारलं, बायचा शेंदूर काढू का? विलास लगेच हो म्हणाला. आपल्या चुलतघरातला विलास, आता बायच्या कमिटीचा अध्यक्ष झालाय. त्याला वाटलं, खाली पुरलेल्या धनाची खूण असणार.

शेंदराचे पापुद्रे निघाले. धन काही निघालं नाही. खाली एक पुरुष, तलवार उपसून लढणारा. त्याच्या वर एक हात. नुसता हात, कोपरात वाकलेला, पंजा वर, मनगटात बांगड्या. त्यावर चंद्र-सूर्य.

मॅडम म्हणाली, “आजी, ही सतीशिळा आहे. हिचा नवरा लढाईत मेला, ही त्याच्याबरोबर जळाली. जळाली म्हणून ती सवाष्णच राहिली, असं मानायचे. म्हणून हातात बांगड्या.”

“आणि नसती जळाली तर?”

मॅडमनं माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं. “तर हा दगड नसता, आजी.”

आपण आपल्या पोरी कुणाच्या पायावर घालत होतो गं? अखंड चुडा मागायचा तो जळालेल्या हाताकडं?

आणि मग तू डोळ्यांपुढं आलीस. खालापूरकडं दिली तुला, वर्षाच्या आत नवऱ्याला खाचरात पान लागलं, सापानं नेला त्याला, आणि पांढरं कपाळ घेऊन माघारी आलीस. विशीही उलटली नव्हती. बायची जागा सारवायचीस तू, गवत काढायचीस तू, पाणी वाहायचीस तू. ओटीच्या दिवशी मात्र चिंचेखाली पाठ करून उभी, सवाष्णींना तोंड दिसू नये म्हणून. एकदा मी म्हटलं, “चल, मी हाय ना.” तर म्हणालीस, “नको वयनी, बायला चालत नाय.”

कुणी सांगितलं तुला, बायला चालत नाही? तिचा नवरा मेला, तुझाही मेला. तू माघारी येऊन आमच्या भाकऱ्या थापल्यास, तिला चितेवर घातली. ती देव आणि तू अपशकुनी?

तुझाही रागच येतो मला. कर्जतच्या बाजारात वाल विकायला बसलीस की गिऱ्हाइकाला पळता भुई थोडी करायचीस. ती जीभ चिंचेखाली कुठं जायची?

विलासला हे सगळं कळलं, तर तो उलट खुललाच. म्हणतो, “काकी, आपला गाव आता फेमस होनार. सती हाय म्हंजे पावर डबल.” मॅडमनं हात जोडून सांगितलं होतं, दगड आहे तसा राहू द्या, सिमेंट लावू नका. तिची पाठ वळली आणि गवंडी आला. टाइल्स इतक्या वर घेतल्या की लढणारा नवरा सिमेंटात गडप. हात तेवढा बाहेर.

मी म्हटलं, “अरं मेल्या, ज्याच्यापायी जळाली तो दादलाच पुरलास की रं.”

“काय करनार काकी, लेव्हलला येत नव्हता.”

सोमवारी उद्घाटन आहे. पहिली ओटी आपल्या घरची, पण माझे हात आता कापतात, ताट धरवत नाही. मान सुनंदाकडं जायचा. सुनंदा म्हणजे माझ्या धाकट्या लेकाची बायको, तू तिला पाहिलं नाहीस. गेल्या साली धाकटा गेला, यमू. त्यावर मी काही लिहिणार नाही. सुनंदा शेलूला नव्या बिल्डिंगीत स्वयंपाकाची कामं करते, पोरीला शिकवते.

काल विलास ओसरीवर बसून तिच्याच हातचा चहा प्याला आणि म्हणाला, “काकी, सुनंदाला त्या दिवशी घरीच ठेवा. पाटी लावलीय ना.” सुनंदानं कप उचलला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तशी पाठ मी चिंचेखाली तुझी बघितली. पुन्हा बघणार नाही.

म्हणून तुला शब्द देते. सोमवारी ताट सुनंदाच्या हातात असेल. ती ओटी भरेल, देवाची म्हणून नाही, एका मारून टाकलेल्या पोरीला माहेरचा खण म्हणून. मी मागं उभी राहीन, काठी घेऊन. काठी चालायला लागते, वेळ पडली तर आणखीही कशाला लागेल.

तुझी वयनी,
द्वारका

ता.क. विलासनं आता नवीन काढलंय. म्हणतो, कौल लावू, बायलाच विचारू, विधवा चालते का. दगडाला फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी त्याला बजावलंय, त्या पोरीला चितेवर चढवताना कुणी कौल लावला नव्हता, तर आता तिला काही विचारायचं नाही. चालते की नाही, ते विलासनं सांगायचं. फुलाआडून नाही. स्वतःच्या तोंडानं, सुनंदाच्या डोळ्यांत बघून.