वाकडं कुंपण

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. नव्या नोकरीत वेळेवर जेवतोस ना? की तिथेही उघड्या यंत्रात डोकं घालून बसतोस?

फोन सोडून कागद का, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "आत्या, थांब, आधी हे टाइप कर!" कागद बिचारा मधे बोलत नाही.

तर तुझं लिनक्स. मी तो जुनाट कॉम्प्युटर भंगारात द्यायला निघाले होते, तू त्यात लिनक्स घातलंस आणि म्हणालास, आता फुकटचे खेळ बघ. फुकटचं म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. पण कोण कुठली माणसं, आपापली कामं सांभाळून असे खेळ करतात आणि जगाला वाटून टाकतात, याचं मला अजून नवल वाटतं. लढाईचा मला झेपला नाही. सैनिकांच्या जेवणाची सोय करेपर्यंत शत्रू दारात. बोगदे खणायच्या खेळात मीच हरवून जायची. गाड्यांच्या शर्यतीनं मात्र वेड लावलं. आधी गाडी मुंगीच्या पावलांनी चालायची. मग तू शोधून काढलंस की ग्राफिक्स कार्ड नुसतंच बसून आहे आणि चित्रं काढायचं सगळं काम एकटा प्रोसेसर ओढतोय. आमच्या शिलाई कारखान्यातही असंच चालतं म्हणा! त्या कार्डाला कामाला जुंपणारा, तू सांगितलेला ड्रायव्हर घातला आणि गाडी जी सुटली! दिवसभर कापड कापून आखडलेली मी, वळणावर खुर्चीसकट कलायची.

उठून पाणी पिऊन आले. आज बसवतच नाही.

मग ते कुंपण. रस्त्याकडेचं सरळ कुंपण मधेच वाकडं दिसायला लागलं. तू म्हणालास, नवा ड्रायव्हर बिघडला असेल, जुना घाल. घातला, तर पडदाच काळा. तुझी अख्खी सुट्टी त्यात गेली. पडद्याचा फोटो पाठवला तर म्हणालास, "आत्या, सरळ आहे गं कुंपण." मला वाटलं, चेष्टा करतोयस. कारखान्यातल्या हिशेबनीस बाईंच्या कॉम्प्युटरचा पडदा उसना आणला. तेच. शेवटी खेळ करणाऱ्यांकडेच रीतसर तक्रार नोंदवली. त्यांच्यातल्या एका भल्या माणसानं माझ्यासाठी तो रस्ता पुन्हा पुन्हा तपासला, आणि एक दिवस लिहिलं, "ताई, जरा दाराच्या चौकटीकडे बघाल का? आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं."

मी चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, असं स्वतःशीच म्हणाले आणि उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात कापडाच्या थप्पीवर पट्टी ठेवली. एरवी रेघ बघताना मी डावा डोळा मिटते. त्या दिवशी उजवा मिटला. पट्टी मधोमध वाकलेली. पोलादाची पट्टी, रे. तिला कसला आलाय ड्रायव्हर!

आता खरं सांगते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी चौकोनांचा कागद दाखवला. डाव्या डोळ्याला मधले चौकोन विरघळल्यासारखे दिसले. डोळ्याच्या आत काहीतरी झिरपतंय. इंजेक्शन घ्यायचं, तेही डोळ्यातच, आणि लगेच. "गेलेली नजर परत येईल असं सांगत नाही. उरलेली तरी राखू या," म्हणाल्या. मी म्हटलं, गणवेशांची घाई आहे, सवडीनं येते. आणि चपला अडकवून पळाले.

तेव्हापासून एका जागी ठरत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. खेळ लावते, डावा डोळा मिटून जिंकते, आणि जिंकल्याचाच राग येतो. उजवा चांगला आहे, कापायचं काम सुटणार नाही म्हणे. पण डोळ्यासमोर सुई येणार, आणि डोळा मिटायचाही नाही! मला भीती वाटते. फार वाटते.

तो भला माणूस तिकडे अजून दोष शोधत असेल. दोष माझ्या डोळ्यात आहे, हे त्याला कळवायचंय. पण परक्याला सांगायच्या आधी घरच्या माणसाला सांगावं, म्हणून आधी हे पत्र.

काल मुकाट्यानं गुरुवारची वेळ घेतली. सोबत कुणीतरी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, आहे ना. म्हणून पत्र कुरियरनं पाठवतेय. "नवी नोकरी आहे, येऊ नकोस, मी समर्थ आहे," असं दरवेळी लिहिते. आज नाही लिहीत. ये. उपाय शोधून आणू नकोस, नुसता ये. दवाखान्याच्या दारापर्यंत माझा हात धर, आणि मी काहीही सांगितलं तरी सोडू नकोस.

तुझी,
पुन्हा पळायच्या बेतात असलेली
आत्या