बेस कुठे गेला, दादा?

प्रिय सुधीरदादा,

'प्रिय' लिहिलं खरं, पण आज मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. तू गेल्यावर रडून झालं, वर्षश्राद्ध झालं, पत्र लिहायचं कधी मनात आलं नाही. पण काल आपल्या बँडची दुसरी कॅसेट रत्नागिरीत आली. आता तुझ्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जायचं नाही.

राम आळीतल्या दुकानात ती मोठ्याने लावली होती. मी रस्त्यात उभी राहिले, तरी गाणं आपलं आहे हे कळेना! तुझी ती करवतीसारखी गिटार नाही. अश्रफचे ड्रम नाहीत, नुसती यंत्राची टकटक. सगळ्यावर सिंथेसायझरचा साखरपाक ओतलेला. माणसं मुंबईला गेली नि गावात कुलुपं उरली, म्हणून तू 'बंद घरं' घसा फुटेस्तोवर ओरडायचास. तेच गाणं बँडमधल्या आपल्या मिलिंदने लाडात येऊन म्हटलंय, बायकोची समजूत काढावी तसं! आणि कव्हरवर तुझा हार घातलेला फोटो.

आंब्याचा हंगाम संपला की काकांची पॅकिंगची शेड आपली असायची. रिकाम्या खोक्यांवर अॅम्प्लिफायर, सगळीकडे पेंढा. बेस वाजवायला कोणी मिळेना, तेव्हा तूच ती खालच्या सुरांची जड गिटार माझ्या गळ्यात अडकवलीस.

आई म्हणाली, "अरे, मुलीच्या जातीला हे काय शिकवतोस?"

तू म्हणालास, "आई, ही खाली नसली तर आमचं गाणं उभंच राहायचं नाही."

त्या एका वाक्यावर मी बोटं सोलून घेतली, दादा. पूर्णगडला आपण वाजवलं तेव्हा म्हाताऱ्यांनी कान झाकले नि पोरं वाळूत बेभान नाचली. परतीच्या टेम्पोत तू मला म्हणालास, "गो रेखा, आज तू सगळ्यांना खाल्लंस!" खोटं होतं का ते?

दुकानातून मी तडक मिलिंदकडे गेले. म्हटलं, "माझा बेस कुठे गेला?"

"की-बोर्डवर घेतला. कॅसेट कंपनीला हेच हवं होतं," तो म्हणाला. मग अडखळला. "आणि रेखा, सुधीरचंच म्हणणं होतं तसं. हॉस्पिटलात बोलला होता तो."

मी त्याला खोटारडा म्हटलं. तिथून मिरकरवाड्यात अश्रफकडे गेले. तो भावाच्या होडीला रंग लावत होता. त्याने ब्रश खाली ठेवला.

"बोलला होता," तो म्हणाला. "मी तिथंच होतो. म्हणाला, हा धडधडाट पुरे आता, लोक ऐकतील असं करा. बेस की-बोर्डवर घ्या. रेखाचं काय, आज ना उद्या लग्न होऊन जाईल."

लग्न होऊन जाईल!

अरे, कावीळ वाढत गेली तेव्हा मी रोज तुझ्या उशाशी होते. उसाचा रस गाळून आणत होते. चमचा पडला तरी तू डोळे मिटून घ्यायचास. त्या दिवसांत तुला गोंगाट नकोसा झाला असेल, ते मी समजू शकते. आवाज बदलायचाच होता तर बदलायचा होतास. मी भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण मला सांगायचंस तरी! माझ्याशी पेजेत मीठ कमी आहे म्हणून बोलायचास, आणि मी उठून नळावर गेले की माझ्या जागेचा निकाल लावायचास?

आई म्हणते, मेलेल्या माणसावर रागावू नये. मग कुणावर रागावू? मिलिंदने तुझं ऐकलं. अश्रफने तोंड शिवलं. ठरवलंस तू.

आज मिलिंद घरी आला होता. कॅसेटच्या समारंभात 'कैलासवासी सुधीरची भगिनी' म्हणून माझा सत्कार करायचाय त्याला. शाल, श्रीफळ.

मी म्हटलं, "शाल नको. स्टेजवर माझी जागा दे."

"आता जागाच नाही गं तिथं," तो म्हणाला. मी चहासुद्धा विचारला नाही. दार लावून घेतलं.

मग अश्रफकडे गेले नि त्याला ड्रमवरची ताडपत्री काढायला लावली. सुरुवातीला तो माझ्याकडे बघेना. नंतर बघायला लागला. फक्त बेस आणि ड्रम, गिटार नाही. गाणार कोण, विचारशील. मीच. आवाज चिरका लागतो, लागू दे.

राजापूरच्या एका मंडळात अश्रफची ओळख आहे, त्यांनी आम्हाला लगेच बोलावलंय. तुला एक वचन देते, दादा. तुझं एकही गाणं मी तिथे वाजवणार नाही. जी वाजवीन ती माझी असतील, आणि ती तुला आवडली असती की नाही, याचा विचार करणार नाही. कुणी कितीही सांगितलं तरी आवाज कमी करणार नाही.

अजून रागावलेली,
रेखा