मध्यस्थाचा घोट

९ एप्रिल १९२७, शांघाय

"रेशीम गिरणीतल्या बहिणींनो! उकळत्या पाण्यातले कोष उचलून आपल्या प्रत्येकीच्या बोटांची सालं निघाली, आणि त्या रेशमाचा एक रुमालही आपल्या कुणाच्या घरात नाही!"

आज गिरणीच्या फाटकाशी बोलायला इथून सुरुवात केली. घसा बसला. बायका जागच्या हलल्या नाहीत!

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही कामगारांनी हे शहर जिंकलं. मग दक्षिणेची राष्ट्रवादी फौज वाजतगाजत आत आली — आमचे मित्र! आता गिरणीचा मुकादम च्यू दाफा याची टोळी आमच्या हत्यारबंद कामगार पथकाची रोज कुरापत काढते आहे. काल दोघांची डोकी फुटली.

वेई दादा म्हणाला, "चहावर मिटवू. मी मध्ये बसतो."

याच वेई दादाने मला कम्युनिस्ट पक्षात आणलं, पुस्तकं दिली, चारचौघांत उभं राहायला शिकवलं. मी त्याला भाऊ मानते. तो मध्ये बसणार म्हटल्यावर शंका कसली?

१० एप्रिल

चहाघरात खच्चून गर्दी. दादाने लाल चहा आणि हिरवा चहा एकाच भांड्यात ओतला, ढवळला, वाट्या भरल्या. दोन्ही बाजूंनी तो चहा प्यायला की भांडण संपलं. नंतर हात उगारणाऱ्याला या शहरात कुणी पाणी विचारत नाही. शेवटचा घोट मध्यस्थाचा — तो त्याचा जामीन.

च्यू दाफाने वाटी एका दमात रिकामी केली. "भाषणवाल्या बाई, माझ्या पोरांनी तुमच्या कुणाला नुसतं बोट लावलं तरी माझ्या तोंडात शेण घाला!"

"शेण फुकट जाईल," गान आजोबा म्हणाले. गिरणीत भट्टी सांभाळतात, पथकात सगळ्यांत वडील. सगळे हसले. च्यूसुद्धा!

वेई दादाने चहा घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

११ एप्रिल

चहा झाल्यावर हत्यार घेऊन बसणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. दादा म्हणाला, "पथकाला तू सांग. तुझं ऐकतात."

सांगितलं. दिलेला शब्द हीच गरिबाची दौलत, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. बंदुका कपाटात गेल्या, किल्ली दादाकडे.

गान आजोबांनी आपली दिली नाही. "पोरी, बोलतेस झकास. पण मध्यस्थ प्यायला का?"

"आजोबा, त्याचं पोट —"

"पोट मलाही आहे." मग बंदूक खांद्याला अडकवून म्हणाले, "बरं. घरी ठेवतो. तुझा शब्द पडला म्हणून, त्याचा नव्हे."

१२ एप्रिल

पहाटे च्यूची माणसं आली. अंगात निळे कपडे, दंडाला पांढरी पट्टी, तिच्यावर 'कामगार'! गोळ्या सुरू झाल्या. मागून फौज आली — म्हणे भांडण सोडवायला! आमच्या पोरांनी मित्र समजून पथकाच्या कचेरीचं दार उघडलं. मित्रांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं.

गान आजोबा पहाऱ्यावर होते. हातात भट्टीची सळई, ती घेऊनच पडले. बंदूक घरी, माझ्या शब्दाखातर.

दुपारी कपाट पाहून आले. रिकामं. कुलूप फोडलेलं नाही. किल्लीने उघडलंय.

१३ एप्रिल

मोर्चा काढला. कडेवर मुलं घेऊन बायका आल्या होत्या. फौजेने गोळ्या घातल्या. लिहवत नाही.

१५ एप्रिल

वेई दादा च्यू दाफाच्या मोटारीत दिसला. दंडाला पांढरी पट्टी.

आता कळलं! खोटा जामीन राहणं त्याला जमलं नाही. आपलं तोंड कोरडं ठेवलं, आमची ओली केली. आणि तरी — हे कुणाला सांगायचं? — त्या एका न उचललेल्या वाटीवर मी माझा भाऊ जिवंत ठेवलाय. एवढी तरी लाज उरली आहे त्याला.

आजोबांच्या मागे उरलेल्या गान आजींना बोलून दाखवलं. त्या कोषांच्या पोत्यावर बसून होत्या. म्हणाल्या, "त्याच्या लाजेचं काय लोणचं घालू?"

पोतं थोपटलं. "म्हाताऱ्याची बंदूक याच्या खाली आहे. तुला हवी तेव्हा सांग."

नको म्हटलं. माझं हत्यार जीभ.

१८ एप्रिल

उद्या गिरणी उघडणार. नवी युनियन, अध्यक्ष वेई दादा! फाटकाशी कामगारांचा आणि मुकादमाचा चहा पुन्हा तोच मिसळणार.

मी जाणार. डोक्याला फडकं गुंडाळून गर्दीत उभी राहीन आणि ओरडेन — आधी मध्यस्थाने प्यावं! त्याच्याने पिववणार नाही. मग माझ्या भाषणाची गरजच नाही, सगळ्यांना दिसेल.

१९ एप्रिल

ओरडले. वेई दादाने गर्दीत मला बरोबर शोधलं. हसला. आणि अख्खी वाटी प्यायला.

मग बायकांनी आपापल्या वाट्या उचलल्या.

गान आजी, पोतं बाजूला करा. बंदूक काढून ठेवा. मी येतेय.