बाबांचा हेडफोन

प्रिय चिंगे,

फोन हाताशी असताना आईने पानं का खरडली, म्हणून भुवया चढवू नकोस. कारण आहे आणि ते शेवटी लिहिणार आहे. लहानपणी तू गोष्टीची पुस्तकं शेवटच्या पानापासून वाचायचीस. तसं इथेही केलंस तर मला कळणार नाही हे खरं, पण करू नकोस. आधी माझा वैताग मुकाट्याने वाच.

तुझ्या बाबांना हेडफोन हवा आहे. साधा त्यांच्याकडे आहेच, तू मागे पाठवलेला, काळा, त्याची एक बाजू त्यांनी चिकटपट्टीने सांधली आहे. आता त्यांना हवा आहे तो शौकीन लोकांचा, लाकडी वाट्यांचा, कातड्याच्या गाद्यांचा. किंमत इथे लिहीत नाही, पाकीट वाटेत फुटलं तर पोस्टमनला घेरी येईल. ज्या माणसाने नकाशे काढण्यात जन्म घालवला आणि पेन्सिल बोटात धरता येईनाशी होईपर्यंत फेकली नाही, ज्याने स्वतःच्या लग्नातला कोट तुझ्या लग्नात घातला, त्याने हे मागावं? आणि मागण्याची तऱ्हा बघ. हट्ट नाही, वाद नाही. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, की विचार करतोय. मग आठवडाभर विचार करतानाच दिसत राहिले.

हे खूळ वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं. दिवसभर लोकांच्या दाढा कोरतात आणि संध्याकाळी कान लाडावतात. त्यांच्याकडे तसला हेडफोन आहे. दोघं आमच्या मागच्या खोलीत बसून बोलत असतात, ते ऐकलंस तर तुला वाटेल जागा भाड्याने घ्यायला निघालेत. या आवाजाला खोली आहे म्हणे, उंची आहे, हवा खेळती आहे. फक्त पाण्याची वेळ विचारायची राहिली आहे. मी एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं, की हवा कोणत्या एककात मोजतात? डॉक्टर हसले. तुझे बाबा हसले नाहीत, त्यांना माझा स्वर माहीत आहे.

बाबांचं म्हणणं असं, की बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असला की त्यांना गाण्यातलं बारीक काही ऐकू येत नाही आणि त्या हेडफोनमध्ये बाहेरचं आत शिरत नाही. आता टीव्हीला मी काय करू? हल्लीचे नट तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात. आवाज वाढवल्याशिवाय काही उमगतच नाही. बातम्या देणाऱ्या पोरी तशाच. बँकेतली ती काचेमागची बाई तर नुसते ओठ हलवते आणि वर माझ्याकडेच वैतागून बघते. स्पष्ट बोलणं ही गोष्टच लोकांनी सोडून दिली आहे. मी प्रयोगशाळेत शिकवताना शेवटच्या टेबलापर्यंत आवाज पोचवायचे, माईकशिवाय. घरातही सगळी ढिलाईच. दाराची बेल बिघडली आहे, दुरुस्त करा म्हणून दोनदा सांगितलं, तर तुझे बाबा म्हणतात चालू आहे. निवृत्त झाल्यापासून फार संथ झालेत ते. पूर्वी आतल्या खोलीतून हाक मारायचे. आता काही सांगायचं असलं की उठून येतात, माझ्यासमोर उभे राहतात, मी वर बघेपर्यंत थांबतात आणि मग बोलतात. पाणी प्यायचंय, एवढंच सांगायला एवढा समारंभ.

खरं सांगू का, किमतीचा राग होताच, पण त्याच्या खाली दुसरा होता. तो माणूस संध्याकाळभर मागच्या खोलीत बसतो, डोळे मिटलेले, कान झाकलेले, दुकानाचं शटर ओढल्यासारखा. मी काही बोलले तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. आमच्यात गोड बोलणं कधी फारसं नव्हतंच, पण भांडायला तरी समोर माणूस लागतो. साध्या हेडफोनमधून माझा आवाज थोडा तरी आत जात असेल. त्या लाकडी वाट्या चढल्या की तोही बंद. म्हणजे इतके पैसे मोजून नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढायचं आणि बायकोने त्याला होकार द्यायचा. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर त्यांनी लगेच विचार सोडून दिला असता आणि मग तो न घेतलेला हेडफोन आम्हा दोघांमध्ये मरेपर्यंत लटकत राहिला असता.

म्हणून मी रीतसर मार्ग काढला. म्हटलं, आवडीनिवडीच्या गप्पा बास, प्रयोग करू. डॉक्टरांनी स्वतःचा हेडफोन आणायचा, बाबांचा चिकटपट्टीवाला शेजारी ठेवायचा, दोन्हींचा आवाज सारखा लावायचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर टॉवेल. कोणता कानावर आहे ते त्याला सांगायचं नाही आणि त्याने काय ऐकू आलं तेवढंच सांगायचं. ऐकणारी मी. बाबांना तो हवाच होता आणि डॉक्टरांनी तो घेतलेलाच होता, तेव्हा दोघंही पक्षपाती. निःपक्ष माणूस घरात मी एकटीच. इतकी वर्षं पोरांकडून मोजमापं करून घेतल्यावर मला एवढा अधिकार होता, असं मी त्यांना सुनावलंही.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर प्रयोग मांडला. टॉवेलखाली बसून मी सांगत गेले आणि बाबा त्यांच्या नकाशातल्या अक्षरात उतरवत गेले. व्हायोलिन, बासरी, एक बाई गाते ते, मोठा वाद्यवृंद. दोन्हीकडे तेच, तितकंच. कातड्याची गादी कानाला मऊ लागायची, एवढाच काय तो फरक. मग एक तुकडा कोरा आला. मी म्हटलं, डॉक्टर, बटण दाबायला विसरलात. ते म्हणाले, चालू आहे. मी म्हटलं, मग वायर निघाली असेल. कुणीतरी माझ्या डोक्यावरून हेडफोन उचलला, थोडा वेळ काहीच झालं नाही, मग तो हळूच परत माझ्या कानांवर ठेवला. दुसरा लावला. तोही कोरा. मी टॉवेल सोडला आणि निकाल दिला. फरक शून्य. हेडफोन घेण्यात अर्थ नाही. आणि डॉक्टर, तुमची ती शेवटची फाईल खराब आहे, ती पुसून टाका.

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, ठीक आहे, नको घेऊया. एका दमात. मी सगळे मुद्दे तयार ठेवले होते आणि हा माणूस लढायलाच आला नाही. जिंकून मला इतका संताप कधी आला नव्हता. संध्याकाळी त्यांनी तो काळा, सांधलेला हेडफोन घातला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. जाताना दार लोटून घेतलं नाही, मला बरं वाटावं म्हणून. त्याने तर मी आणखीच चिडले.

आता एकच माप घेऊन निष्कर्ष काढणाऱ्या पोरांची मी जन्मभर खरडपट्टी काढली आहे. तेव्हा मंगळवारी बाबा भाजीला गेले असताना मी त्यांच्या कॉम्प्युटरवर तोच कोरा तुकडा पुन्हा लावला. डॉक्टरांनी तो न पुसता तिथेच ठेवून दिला होता. कानात काही नाही. पण पडद्यावर आवाज दाखवणारे ते हिरवे पट्टे असतात ना, ते नाचत होते. मी वायर काढून घातली. पट्टे नाचतच होते. मी आवाज पार वर नेला. माझ्या कानात कापूस भरल्यासारखी शांतता आणि समोर हिरवा तमाशा.

तेवढ्यात उघड्या दारात विजेच्या मीटरची नोंद घेणारे गृहस्थ उभे दिसले. बेल दोनदा वाजवली म्हणे. मी त्यांना बूट काढायला लावून आत आणलं, खुर्चीवर बसवलं, आवाज खाली आणला आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. बिचारे बॅग मांडीवर घेऊन बसले, दातांच्या डॉक्टरांकडे बसावं तसे. मी समोर उभी राहून विचारलं, काय येतंय? ते जरा घाबरूनच म्हणाले, "रातकिडे आहेत, काकू." मग डोळे मिटून म्हणाले, "खूप आहेत."

चिंगे, व्हर्निअर कॅलिपर हातात घेतला की पहिलं काम काय असतं, हे मी तुला तू शाळेत असतानाच शिकवलं होतं. जबडे मिटायचे आणि शून्य शून्यावर येतं का ते बघायचं. येत नसेल तर पुढची सगळी मापं चुकीची, कितीही काळजीने घेतली तरी. जो पोरगा हे विसरायचा त्याला मी टेबलावरून उठवायचे. आणि मी दोन हेडफोन तपासले, वायर तपासली, डॉक्टरांची फाईल नापास केली, पण ज्या उपकरणाने हे सगळं मोजत होते त्याचं शून्य बघितलं नाही. ते माझ्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं होतं.

मी एकटी जाऊन कान तपासून आले. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत बसवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. मला वाटलं तपासणारी मुलगी मध्ये मध्ये विश्रांती घेतेय. ती विश्रांती घेत नव्हती. वरच्या पट्टीचे सगळे आवाज गेले आहेत, दोन्ही कानांतून, आजचे नाही, काही वर्षांपासून हळूहळू. दोन्ही कानांना यंत्रं लागणार. त्यांची किंमत विचारली तेव्हा मात्र स्पष्ट ऐकू आली. तुझ्या बाबांचा हेडफोन त्यापुढे खेळणं आहे.

घरी येऊन मी त्यांच्यासमोर रिपोर्ट ठेवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही, चष्मा शोधायला उठले नाहीत. तेव्हाच मला कळलं. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे? ते म्हणाले, बेल बिघडली तेव्हापासून. मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "तू पुरावा मागितला असतास." खरंच आहे, मागितलाच असता. टीव्ही हळू कर, हे सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा स्वतःचेच कान झाकून घ्यावेत, असं त्या माणसाने ठरवलं होतं. आणि मी त्याला शटर ओढलेलं दुकान म्हणत होते. मी पुष्कळ ओरडले, ते सगळं त्यांनी समोर उभं राहून ऐकून घेतलं. हे असं सांभाळून घेणं मला अजिबात खपत नाही, असंही मी सांगितलं. मग चहा केला.

हेडफोन मी मागवला आहे. माझा निकाल रद्द. चुकीच्या उपकरणाने घेतलेलं माप एका रेघेने खोडायचं आणि बाजूला सही करायची, ही माझी प्रयोगशाळेतली पद्धत. तो नकाशातल्या अक्षरातला कागद मी तसाच खोडला. डॉक्टरांचा हेडफोन पुन्हा आणवून प्रयोग परत केला, या वेळी टॉवेल बाबांच्या डोळ्यांवर. त्यांनी एकदाही चूक केली नाही. रातकिडे आले तेव्हा चांगल्या हेडफोनमध्ये ते नुसते रातकिडे म्हणाले नाहीत. डावीकडे एक जवळ आहे, म्हणाले, बाकीचे लांब, पाण्यापलीकडे. पाणी कुठून आलं, विचारलं तर म्हणाले, ऐकू येतंय ना. तेव्हा घेण्यासारखा आहे का, तर आहे, ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी. माझी यंत्रं दोन आठवड्यांनी येतील. टीव्ही खाली येईल आणि मग कदाचित त्यांना तो हेडफोन लागणारही नाही. तरी मागवलेला परत करणार नाही.

आता शेवट. गेल्या महिन्यात एका दुपारी तू फोन केला होतास. बाबा घरी नव्हते. तू बराच वेळ बोललीस, हळू आवाजात, आणि मध्ये मध्ये थांबत. मी हं म्हटलं, बरं म्हटलं, आणि शेवटी म्हटलं, तू शहाणी आहेस, तुझं तू बघ. त्यावर तू एकदम फोन ठेवलास. तेव्हापासून तू बाबांशीच बोलतेस आणि आई बरी आहे ना, एवढंच विचारतेस. मला वाटलं, रुसलीस. रुसू दे, म्हटलं, येईल ताळ्यावर. चिंगे, त्या दिवशी तू जे सांगितलंस त्यातलं एक वाक्यही मला ऐकू आलं नव्हतं. बायकांचे आवाज फोनवर सगळ्यात आधी जातात, असं ती तपासणारी मुलगी म्हणाली. मला फक्त तुझा श्वास येत होता आणि तो नेहमीसारखा नव्हता, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. पुन्हा सांग म्हणायला मला लाज वाटली, म्हणून बरं म्हटलं. बाबांना विचारलं, त्यांना तू काही सांगितलेलं नाहीस. म्हणजे ते माझ्यासाठीच होतं. तुझं तू बघ, हे उत्तर तुझ्या कुठल्या प्रश्नाला गेलं, या विचाराने मी गेले चार दिवस जेवणाचं मीठ चुकवते आहे. यंत्रं येईपर्यंत माझ्याने थांबवणार नाही. तू जे बोललीस ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, मला लिहून पाठव. अक्षर मोठं काढायची गरज नाही, डोळे अजून चांगले आहेत.

कानांचं शून्य चुकलेली, बाकी होती तशीच,
तुझीच,
आई