मागच्या तीन वर्षांच्या सह्या

वैजापूर,
५ सप्टेंबर १९८३

चि. मंजुळास अनेक आशीर्वाद.

सवयीनं आधी चि. सौ. लिहिलं, मग खोडलं. कोर्टातून फारकत होऊन आठ महिने झाले, हाताला अजून कळलेलं नाय.

तुझ्या नावाची इन्कम टॅक्सची नोटीस इथं आली, सोबत पाठवतो. तू इथं नांदलीस त्या तीन वर्षांत आमच्या रामकिसननं कांद्याच्या आडतीचं निम्मं उत्पन्न तुझं म्हणून दाखवलं होतं. त्यानं कर कमी बसतो. आता साहेब विचारतात, ही बाई धंदा काय करत होती. वकिलानं उत्तर तयार केलंय की आडत तूच सांभाळायचीस. खाली सही करून पाठव, म्हणजे मिटलं. त्या वर्षांपुरती तर तू आमचीच होतीस.

तुझी सासू सारजाबाई विचारते, शाळेतली नोकरी कायम झाली का, आणि वेळेवर जेवतेस का.

तुझा,
आप्पासाहेब

मुकुंदवाडी, औरंगाबाद,
९ सप्टेंबर १९८३

ती. मामांच्या सेवेशी, शि. सा. न. वि. वि.

दुसरं काय म्हणावं सुचेना, म्हणून मामाच लिहिते. सासूबाईंना सांगा, नोकरी दिवाळीनंतर कायम होईल. जेवते, पण त्यांच्यासारखी भाकरी थापता येत नाही.

नोटीस चारदा वाचली. आमच्या दादांनी मला घरीच अक्षरओळख करून दिली. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांनी बाराखडीबरोबरच शिकवलं. तरी त्या रिटर्नवर सही माझीच आहे. रामकिसननी बँकेचे कागद म्हणून पुढे केले आणि मी कणकेचा हात पुसून सही केली. ती चूक माझी, आणि तसंच लिहून देणार आहे.

पण आडत मी सांभाळली, असं लिहवत नाही. मोंढ्याच्या बाजारात मी पाऊलही टाकलं नव्हतं. माझी कमाई म्हणजे शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून महिन्याला तीसेक रुपये. तेही लिहीन, नाहीतर तेवढं लपवल्यासारखं होईल.

यानं रामकिसनना दंड होईल, तुमची झोप उडेल, हे मनातून जात नाही. म्हणून ऑफिसात जाण्याआधी तुम्हाला कळवते. बी.पी.ची गोळी चुकवू नका. चहात साखर घेता, हेही मला ठाऊक आहे.

आपली,
मंजुळा

वैजापूर,
१५ सप्टेंबर १९८३

चि. मंजुळास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून लई राग आला. रामकिसन म्हणाला, ती सूड उगवतेय. त्यावर सारजाबाईनं त्याला सुनावलं की सूड घेणारी आधी पत्र टाकून इशारा देत नसते. ती पुढं म्हणाली, पोरीनं तीस रुपये सुद्धा लपवले नायत आणि तुम्ही बापलेक तिला आडत्या करायला निघालात.

त्या रिटर्नमधले आकडे मीच सांगितले होते, हे तुला माहीत नव्हतं. सोमवारी रामकिसनला घेऊन येतो. ते उत्पन्न त्याचंच होतं, असं लिहून देऊ आणि कर, दंड भरू. तू मंगळवारी जा. आमच्या तोंडून आधी निघू दे, एवढंच मागणं आहे.

आप्पासाहेब

मुकुंदवाडी,
२१ सप्टेंबर १९८३

ती. मामांस सा. न.

मंगळवारीच गेले. तुमचे कागद टेबलावर आलेले होते. साहेबांनी माझं उत्तर वाचलं, यापुढे वाचून सही करा म्हणाले. नोकरीला धोका नाही, हेही सांगितलं. फॉलच्या रुपयांपाशी ते हसले, पण खोडले नाहीत.

पतीचं नाव या रकान्यापाशी मी अडले. कारकून म्हणाला, फारकत झालीय ना, वडिलांचं लिहा. मी विचारलं, पण ही उत्तरं तर त्या वर्षांची आहेत. तो म्हणाला, मग तेव्हा जे होतं ते लिहा. तिन्ही कागदांवर रामकिसनचं पूर्ण नाव लिहिलं.

सासूबाईंना नमस्कार सांगा. आता टपालाचं काही कारण उरलं नाही, तरी पत्र टाकत जा.

मंजुळा