दारापासून मैदानापर्यंतचं अंतर

सर,

अर्ज असाच लिहायचा, हे तुम्हीच शिकवलंत. आधी घडलं ते, क्रमांक टाकून. विशेषणं नकोत. म्हणून:

१. आपल्या कॉलेजच्या मुलींचा खो-खोचा संघ दर वर्षी स्पर्धेचा फॉर्म भरत असे आणि दर वर्षी मैदानावर पोचत नसे.
२. उत्तरेकडच्या कॉलेजांचा वेगळा विभाग करावा, असा अर्ज तुम्ही विद्यापीठाकडे केला. सोबत अंतरांचा तक्ता होता. अर्ज नामंजूर झाला.
३. त्यानंतर वर्षभरात तुम्ही गेलात.
४. दहा वर्षांनी तोच अर्ज पुन्हा केला. फक्त तक्ता बदलला. अर्ज मंजूर झाला.
५. गेल्या आठवड्यात उत्तर विभागाची पहिली स्पर्धा आपल्या मैदानावर झाली. आपल्या मुली अंतिम सामना एक डाव राखून जिंकल्या.
६. येत्या शनिवारी आंतरविभागीय सामने आहेत. तेही आपल्याच मैदानावर.

पाचवं कलम मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा त्यात एक विशेषण आलं होतं, ते काढलं.

तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रामीण कॉलेजांचा मिळून एकच विभाग होता. कॉलेजं दक्षिणेला जास्त, त्यामुळे सामनेही इंदापूर-बारामतीच्या बाजूला. सकाळी नऊला मैदानावर हजर राहायचं म्हणजे आपल्याला आदल्या दिवशी निघावं लागे आणि रात्री कुठल्या तरी शाळेच्या वर्गात सतरंजी टाकावी लागे. मुलांना त्याची मजा वाटायची. मुलींच्या घरी तिथेच विषय संपायचा. समोरच्या संघाला न खेळता 'पुढे चाल' मिळायची आणि निकालाच्या कागदावर आपल्या नावापुढे 'गैरहजर' लागायचं. मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही घरोघर फिरून कशीबशी नऊ मुलींची परवानगी मिळवलीत. बरोबर नऊ, राखीव एकही नाही. आमच्याकडेही आला होतात. पिंपळवंडीच्या फाट्यावर एसटीतून उतरून मळ्यापर्यंत चालत आलात, आईकडे पाणी मागितलंत आणि तांब्या हातात यायच्या आधी घड्याळ पाहिलंत. मग खिशातून तिकीट काढून त्याच्या मागे काहीतरी लिहिलंत. मला वाटलं, तुम्हाला परतीच्या गाडीची घाई आहे.

निघायच्या दिवशी आम्ही नऊजणी स्टँडवर उभ्या आहोत. बॅगा, एका पिशवीत दशम्या, एकीच्या हातात नवा टॉवेल. गाडी लागायला पाच-दहा मिनिटं असताना माझे वडील लुनावरून येतात. मागोमाग आणखी एकीचे काका. वडील गाडी स्टँडला लावतात, माझ्याकडे बघतही नाहीत, सरळ तुमच्यासमोर जातात.

"सर, मॅचबिच काय ती हितं खेळू द्या. परगावी रात काढायची न्हाई."

"भाऊ, मी हाय ना संगं."

"तुमी हाय म्हनून तर तोंडावर सांगाया आलो. दुसरा असता तर पोरीला नुसती घरी बशिवली असती."

मी बॅग उचलली आणि लुनावर मागे बसले. नऊ वजा दोन. सातजणींचा संघ होत नाही. तुम्ही त्या सातजणींना माघारी कॉलेजवर पाठवलंत आणि एकटेच गाडीत चढलात, कारण कॉलेजकडून कोणीच हजर झालं नाही तर पुढच्या वर्षी फॉर्मच घेणार नव्हते. तिसऱ्या दिवशी जिमखान्यात तुम्ही ती हकीकत सांगितलीत ती अशी: "पंच इचारतो, सर, संघ कुठंय? म्या म्हनलं, मीच संघ. तो म्हनला, मग पळा की. म्या म्हनलं, पळलो असतो राव, पन तुमच्या नऊ पोरी लई दमल्या असत्या मला धरता धरता." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र एवढंच डोळ्यांसमोर येत होतं, की त्या आखलेल्या मैदानावर तुम्ही पांढरा शर्ट घालून एकटे उभे आहात आणि त्याला कारण मी आहे.

त्याच महिन्यात तुम्ही अर्ज लिहायला घेतला. उत्तरेकडच्या प्रत्येक कॉलेजला संमतीसाठी पत्र, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य: अमुक तारखेपर्यंत कळवावे, मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल. मी म्हटलं, सर, हे चालतं का? तुम्ही म्हणालात, "नाय म्हनायला मानूस कागद शोधतो, पाकीट शोधतो. व्हय म्हनायला कोन उठतं?" खरंच एकाही कॉलेजचं उत्तर आलं नाही आणि सगळ्यांची संमती मिळाली. तक्ता मात्र तुम्ही माझ्याकडे दिलात. माझं गणित बरं होतं आणि मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते. "एसटीच्या तासांत लिही," तुम्ही सांगितलं होतं.

मी तासांत लिहिलं नाही. जिल्ह्याचा नकाशा मिळवला, रस्त्यांवरून दोरा फिरवला, दोरा पट्टीवर मोजला आणि कॉलेजपासून मैदानापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत काढलं. चार समास, सरळ रेघा, एकही खाडाखोड नाही. तुम्ही कागद हातात घेतलात तेव्हा मी स्वतःहून खुलासा केला: "सर, तास हे अंतराचं एकक नाही. गाडी बदलली की आकडा बदलतो. समितीपुढे असं चालणार नाही." तुम्ही चष्मा वर केलात, माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा कागदाकडे पाहिलंत. "लई सुबक झालंय," म्हणालात आणि सही केलीत. मग कपाटातून तुमची मोजायची टेप काढून मला दिलीत, चामड्याच्या गोल डबीतली, पितळी हँडलची. "दोऱ्यानं किती दिस मोजशील?" मला ते बक्षीस वाटलं. आता वाटतं, तो माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात सौम्य शब्दांतला राग असावा.

नामंजुरीचं पत्र दोन ओळींचं होतं. सादर केलेली अंतरं पाहता स्वतंत्र विभागाची आवश्यकता दिसत नाही. बरोबरच होतं त्यांचं. किलोमीटरच्या हिशेबात दक्षिणेकडचीच दोन कॉलेजं आपल्यापेक्षा लांब होती. फक्त त्यांच्या दारातून थेट गाडी होती, आणि आपल्याला तीन बदलाव्या लागत. माझ्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं. तुम्ही ते पत्र मला दाखवलं नाहीत. "बघू पुढच्या साली," एवढंच म्हणालात. पुढचं साल तुम्हाला मिळालं नाही. दहाव्याला मी आण्याला, तुमच्या गावी, आले होते, पठारावर वारा होता आणि मी शेवटच्या रांगेत उभी राहून लवकर निघाले.

पुढे मी नकाशांचंच शिक्षण घेतलं. आता पुण्यात संगणकावर रस्त्यांची मोजणी करते, सेंटिमीटरपर्यंत. तीन वर्षांपूर्वी तुमच्या घरून काकूंचा निरोप आला, कपाट रिकामं करतेय, तुझ्या अक्षरातलं काहीतरी आहे. फाइल घेऊन मी त्यांच्या ओसरीवर बसले. माझा तक्ता, त्याखाली नामंजुरीचं पत्र आणि त्याखाली तुमच्या हातचा एक आखीव कागद, शिसपेन्सिलीने लिहिलेला. वर तारीख होती, मी माझा तक्ता आणून दिला त्याच्या आदल्या दिवसाची. तुमचा तक्ता कॉलेजपासून सुरूच होत नव्हता. तो प्रत्येक मुलीच्या दारापासून सुरू होत होता. दारापासून स्टॉपपर्यंत चालत किती, पहिली गाडी किती वाजता, गाड्या किती बदलायच्या, आणि शेवटचा रकाना: सकाळी घरून निघून पोचता येतं का? घोडेगावच्या पुढच्या डोंगरातल्या मुलींपासून पठारावरच्या मुलींपर्यंत, त्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द होता. नाही. पहिली ओळ माझी होती. पिंपळवंडी, मळा ते फाटा, चालत बावीस मिनिटं. कागदाला टाचणीने एसटीचं तिकीट लावलेलं होतं.

मी घरी जाऊन ती वाट घड्याळ लावून चालले. बावीस मिनिटं.

त्यानंतरचं तुम्हाला आवडेल. त्या सातजणींपैकी जी सगळ्यात आडदांड होती, जिला तुम्ही 'बुलडोझर' म्हणायचात, ती आता आपल्या कॉलेजात तुमच्या खुर्चीवर आहे. मुली तिला बाई म्हणतात आणि टरकून असतात. आम्ही दोघींनी मिळून उत्तरेकडच्या सगळ्या कॉलेजांतल्या मुलींची गावं गोळा केली, तुमचे रकाने जसेच्या तसे ठेवले, वेळापत्रकाच्या प्रती जोडल्या आणि समितीपुढे गेलो. अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंतर कुठून मोजलंय?" मी म्हटलं, "मुलीच्या दारापासून." ते म्हणाले, "कॉलेज सोडून दारापासून कशाला?" मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात बाई बोलली, "सर, ती झोपायला दारातच जाते ना, कॉलेजात तर झोपत नाही." मग त्यांनी तक्त्यातली वाटेल ती ओळ निवडून मला विचारायला सुरुवात केली. पाच ओळी विचारल्या. मी कागद न बघता उत्तर देत होते आणि लिपिक वेळापत्रकावर बोट ठेवून "बरोबर" म्हणत होता. दक्षिणेकडच्या एका सदस्यांनी हरकत घेतली, की एवढी कॉलेजं गेली तर त्यांच्या विभागात चुरस काय राहणार. बाई म्हणाली, "इतकी वर्षं पुढे चालच घेताय की. चुरस कधी होती?" सगळे हसले. ते सदस्यही हसले, मग त्यांनी विचारलं, "ते पांढऱ्या शर्टातले एकटेच यायचे, ते तुमचेच का?" सर, तो पंच तेच होते. "पळा की म्हणालो मी त्यांना," ते म्हणाले, "फार वाईट वाटलं होतं नंतर." पहिला हात त्यांनी वर केला.

गेल्या आठवड्यात मैदान मी आखलं. तुमचीच टेप, तीन-चार-पाचचा काटकोन, मागून शिपाईमामा फक्की टाकत होते. कर्ण दोनदा मोजला, दोन्ही वेळा जुळला. नऊच्या आधी सगळे संघ हजर होते आणि सगळ्या मुली त्याच सकाळी आपापल्या घरून निघालेल्या होत्या. कोणाच्या नावापुढे गैरहजर लागलं नाही. अंतिम सामन्यात आपल्या डोंगरातल्या एका मुलीने पहिल्या डावात जवळजवळ सगळा वेळ खेळून काढला. समोरचा संघ नुसता उठत-बसत राहिला. माझे वडील आले होते. आता त्यांना लांबचं नीट दिसत नाही, तरी रेषेला टेकून बसले होते आणि दोन्ही संघांना "खो दे, अगं खो दे!" ओरडत होते. बक्षीस समारंभ आटोपला, मुली सहाच्या गाड्यांनी घरी गेल्या, पुढच्या गाडीतल्या एका मुलीने ढाल खिडकीबाहेर धरली होती. वडील म्हणाले, "हे लई बेस केलं. पोरी खेळल्या बी, अन् दिवे लागायला घरी बी." मी म्हटलं, सरांचं काम आहे हे. ते म्हणाले, "त्या दिशी मी त्येंना लई बोललो का गं?" मी खरं तेच सांगितलं, नाही, फार नाही.

आता मुद्द्याचं. शनिवारच्या उद्घाटनाला मी दोन शब्द बोलावे, असं बाईने ठरवलंय. पहिला अर्ज का फेटाळला गेला, हे आजवर कोणाला माहीत नाही. लोक समजतात, तुमच्या कागदांत काही कमी राहिलं. कागदावर सही तुमची आहे, माझं नाव कुठेच नाही. तुमचा तक्ता तयार असताना तुम्ही माझ्या तक्त्यावर सही केलीत. चूक तुम्हाला दिसली होती का, की मी इतक्या खात्रीने बोलले की तुम्हीही क्षणभर तास सोडून किलोमीटरवर विश्वास ठेवलात, हे मला कळलेलं नाही. दोन्ही शक्यता मी मांडून पाहिल्या. दोन्हींत चूक माझीच निघते. शनिवारी हे माइकवरून सांगायचं ठरवलंय.

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तुमच्या फाइलमध्ये, पेन्सिलीच्या कागदामागे लावते आहे. आणि एक कबुली, विशेषण न लावता: तुम्ही नको म्हणावं, अशी मला आशा आहे.

तरी शनिवारी वरीलप्रमाणे बोलण्यास आपली हरकत असल्यास शुक्रवार संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे. मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.