मायची गोधडी

सारंगखेडा, सप्टेंबर १९६४, शनिवार

आई आजारी आहे असं विमान कंपनीला कळवून रजा घेतली आणि इथे कपाशीवर विमानातून औषध फवारतोय. कंपनीबाहेर कुणासाठी उड्डाणं करायची नाहीत, हे नोकरीला लागतानाच कबूल केलं होतं.

आज दुपारी मधू अचानक आला. माझ्या मुंबईच्या फेऱ्या सध्या तोच उडवतोय. मायसाठी मोसंबी घेऊन आला. माय ओट्यावर शेंगा फोडत होती.

"ताप उतरला का?" त्यानं विचारलं.

मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. आत गेली आणि एवढ्या उकाड्यात गोधडी पांघरून पडली.

"माले बरं नही शे, भाऊ."

दिवसा आडवी झालेली माय मी कधी पाहिली नव्हती. मधूनं तिचे पाय चेपले. माझ्या शर्टाचा औषधाचा वास त्याला आला नसेल? आला असेलच. "आणखी रहा, मी सांभाळतो," एवढंच म्हणाला.

त्याची एसटी गेली, तरी माय गोधडीतच. मी म्हटलं, ऊठ आता.

घामानं निथळत होती. खरंच विचारत होती, टोमणा नव्हता.

"उद्या बी असंच झोपनं पडी का रे?"